उन्हात बसवलेलं छत

डोमाजी कोणाच्याही घरात शिरले की आधी वर पाहायचे. घरची माणसं "या, बसा" म्हणत असायची आणि हे मान मागे टाकून छत न्याहाळत दारातच उभे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईला वाटलं, वर पाल आहे की काय. तीही वर पाहू लागली.

"काही नाही माय," डोमाजी म्हणाले, "सवय आहे. आमचा जनम वर पाहण्यातच गेला."

गाड्यांची आतली छतं बसवणं हा त्यांचा धंदा. जीपचे ताडपत्रीचे हूड आणि सीटची कव्हरंही ते शिवत, पण जीव होता तो गाडीच्या आतल्या छतात. जुन्या अँबॅसेडरमध्ये जे बसले आहेत त्यांना ते आठवत असेल. वरच्या पत्र्याखाली, आपल्या डोक्यावर, ताणून बसवलेलं कापड किंवा रेक्झीन. ते पत्र्याला चिकटवलेलं नसतं. पायजम्याला नाडीसाठी नेफा असतो, तसे त्याच्या वरच्या बाजूला आडवे नेफे शिवलेले असतात. प्रत्येक नेफ्यात एक लोखंडी कमान ओवतात आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत अडकवतात. कडा तेवढ्या सोल्युशननं चिकटवायच्या. दहा-बारा वर्षांनी शिवण कुजते, सोल्युशन सुकतं, आणि पोट सुटावं तसं छत खाली येतं. मग ते बसणाऱ्याच्या डोक्याला लागतं.

आमच्या गाडीत ते बाबांच्या डोक्याला लागायचं. डोमाजींबद्दल लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करायला हवी. दुसरीकडून करता आली असती तर मी नक्की केली असती.

बाबा कळमेश्वरला डॉक्टर होते. आसपासच्या खेड्यांत जाण्यासाठी त्यांनी जुनी अँबॅसेडर घेतली होती. सत्तर सालच्या आसपास त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी त्यांना, आईला आणि धाकट्या बहिणीला नागपूरला माझ्याकडे आणलं. गाडीही आली. दिवसभर गप्प बसणारे बाबा संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की डाव्या हातानं काठी फरशीवर आपटायचे. म्हणजे गाडी काढ. मी त्यांना मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसवायचो, उजवा पाय सीटवर आडवा ठेवायचो आणि आम्ही फुटाळा तलावावर चक्कर मारून यायचो.

बाबा सहा फूट उंच. मागचं छत सुटून नेमकं त्यांच्या टाळूवर यायचं. उजवा हात उचलत नव्हता. डाव्या हातानं खिडकीवरचा पट्टा धरावा लागे, नाहीतर वळणावर तोल जाई. त्यामुळे ते छत डोक्यावर घेऊनच बसत. मी आरशात पाहायचो आणि नजर पुन्हा रस्त्यावर आणायचो.

दोन वर्षं मी काही केलं नाही. एकदा फक्त सेफ्टी पिना घेऊन सुटलेलं कापड टाचून टाकलं. आठवडाभरानं त्यातली एक पिन उघडली आणि बाबांच्या डोक्यावर ओरखडा उठला. आईनं हळद लावली. मी ती पिन काढली नाही, पुन्हा बंद केली.

मग बहिणीचं लग्न ठरलं. मुहूर्त माघातला. मुलाकडची माणसं जबलपूरहून येणार, स्टेशनवरून आपल्याच गाडीतून त्यांना आणायचं. तेव्हा मला छत आठवलं.

मी एका सरकारी खात्याच्या वाहन विभागात कारकून होतो. आमच्या जीपांचे हूड दरवर्षी पावसाळ्याआधी डोमाजींकडे जात, म्हणून त्यांची माझी ओळख होती. कामठी रोडवर इंदोऱ्याच्या पुढे एका कडुनिंबाखाली त्यांची टपरी. टपरीत शिलाई मशीन आणि मशीनवर त्यांची बायको सरूबाई. बाकी सगळं काम झाडाखाली, गाडीतच. डोमाजी अंगानं वाळकुडे, मान मात्र लांब, बगळ्यासारखी. शर्टाच्या बटणपट्टीवर, कॉलरवर, खिशाच्या तोंडावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले. चिकटवलेली कड सोल्युशन सुकेपर्यंत धरून ठेवायला ते लागत. पण काम नसतानाही ते अंगावरच असत. बाजारातसुद्धा ते तसेच जायचे. सरूबाई म्हणायची, "माह्या अंगावर नाही इतके दागिने यायच्या अंगावर हायेत."

नवरा-बायकोचं दिवसभर असंच चाले.

"सरू, नेफा वाकडा गेला वं."

"नेफा सरळ हाये. तुमची मान वाकडी हाये."

"मान वाकडी आहे म्हणून तं दिसते."

त्या दिवशी मी गाडी नेली तेव्हा त्यांनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा आधी थुंकला, चूळ भरली. गाडीत जाण्याआधी ते नेहमी तसं करत. मी एकदा कारण विचारलं होतं. "उताणं पडून थुंकता येते का बाबू?" एवढंच उत्तर मिळालं होतं. मग ते मागच्या सीटवर पाठ टेकून आडवे झाले, पाय दाराबाहेर, आणि छताकडे पाहत राहिले. बराच वेळ. मी घड्याळ पाहिलं.

"हे काय, गोधडी टाचली का?" पिनांकडे बोट करून ते म्हणाले. मग विचारलं, "याच्यात बसते कोण?"

"पाहुणे येणार आहेत. बहिणीचं लग्न आहे."

"येतीन ते. आत्ता कोण बसते?"

"असंच. घरचे सगळे."

डोमाजी उठले नाहीत. त्यांनी बोटानं छतावरचा एक काळपट डाग दाखवला, डाव्या अंगाला, मागच्या काचेजवळ.

"घरचे सगळे नाही. इथं रोज एकच माणूस बसते. उंच आहे. डोक्याले तेल लावते. अन् हात वर करत नाही."

"हात वर करत नाही हे कशावरून?"

"छत डोक्याले लागलं का माणूस हातानं वर ढकलते. मंग बोटायचे डाग पडतात. हे पाहा, पुढं तुमच्या बोटायचे आहेत. तिथं एकही नाही. फक्त डोक्याचा." ते उठून बसले. "कोण आहे तो माणूस?"

"माझे वडील," मी म्हणालो. त्या पौषातल्या गार सकाळी मला घाम आला होता, हे अजून आठवतं.

सरूबाईनं मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मग डोमाजींनी सांगितलं की रेक्झीनचं छत ते हिवाळ्यात बसवत नाहीत. थंडीत रेक्झीन आखडलेलं असतं. कितीही ताणून लावलं तरी मे महिन्यात नागपूरचं ऊन त्याला सैल करतं आणि ते खाली येतं. म्हणून गाडी भर उन्हात काचा बंद करून तापवायची, रेक्झीन मऊ झालं की आत शिरून ताणायचं. नंतर गार होताना ते आपोआप आवळतं आणि मग वर्षानुवर्षं हलत नाही. "ऊन माह्या जोडीचा कारागीर आहे," ते म्हणाले. "त्याच्याबिगर मी नाही लावत. होळी होऊ द्या, चैत लागू द्या, मंग आणा. एक दिवसाचं काम आहे."

"लग्न माघात आहे डोमाजी."

"लग्न तं खाली बसून लागते. त्याले छत कायले पाहिजे?"

मी हसलो नाही. जे बोललो ते बोलायला मला फार वेळ लागला नाही, याची आज लाज वाटते. मी म्हणालो, "आमच्या सगळ्या जीपा तुमच्याकडेच येतात. एवढं एक काम तर कराल ना?"

डोमाजींनी कॉलरचा एक चिमटा काढला, दोनदा उघडझाप केली, परत लावला.

"करतो," ते म्हणाले. "पण उन्हाळ्यात छत खाली येईन. सांगून ठेवतो."

"आलं तर येऊ द्या. लग्न तरी पार पडेल."

त्यांचा आणखी एक रिवाज होता. जुनं छत ते मालक हजर असल्याशिवाय कापत नसत. सीटवर पांढरी चादर पसरायची, मग पुढच्या काचेपासून कात्री लावायची, आणि वरून जे पडेल ते चादरीची चार टोकं बांधून मालकाच्या हातात द्यायचं. "छतातून पडलं ते मालकाचं." धूळ असली तरी.

यावरून झालेली एक गंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. आदल्याच वर्षी ऑफिसची जीप घेऊन मी तिथं गेलो होतो आणि भिवापूरच्या एका मिरची व्यापाऱ्याची गाडी झाडाखाली उभी होती. छत फाटलं होतं आणि गाडीतून वर्षानुवर्षं मिरचीच्या बोऱ्यांची ने-आण झालेली. डोमाजींनी कात्री चालवली आणि आतून लाल भुकटीची झड खाली आली. डोमाजी शिंकत बाहेर आले, शेठ शिंकू लागला, मी शिंकू लागलो, मशीनवर सरूबाई शिंकू लागली. शेजारचा सायकलवाला पाहायला आला आणि शिंकत परत गेला.

"शेठ," डोळे पुसत डोमाजी म्हणाले, "फोडणी घालूनच गाडी आणली होय? आधी सांगायचं तं होतं."

"ते चादर झटकू नका वं माय," सरूबाई शेजारणीला बोलावं तशी नवऱ्याला म्हणाली, "पावभर तरी निघन. महिनाभर वरणाचं काम झालं."

पण डोमाजींनी चादरीची चार टोकं गंभीरपणे बांधली आणि गाठोडं शेठच्या हातात दिलं. शेठ "राहू द्या गा, तुमालेच ठेवा" म्हणत होता. डोमाजींनी ऐकलं नाही. शेठ ते गाठोडं मांडीवर घेऊन, शिंकत, सायकल रिक्षात बसून गेला.

आमच्या गाडीच्या छतातून कळमेश्वरची माती पडली, थोडा कापूस पडला, आणि छतातला दिवा खटखटू नये म्हणून बाबांनी कधीतरी घडी करून कोंबलेला एक कागद पडला. डोमाजींनी तो उलगडला. त्यांना अक्षरं फारशी लागत नसत, पण औषधाची चिठ्ठी त्यांनी ओळखली. "तुमच्या वडलांचं अक्षर आहे का?" मी हो म्हणालो. उजव्या हाताचं, ठाशीव, खाली जोरात ओढलेल्या सहीचं अक्षर. "हे त्यायच्या हातात द्या. तुमच्या खिशात नका ठेवू." मी ती चिठ्ठी घरी जाऊन बाबांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती कितीतरी वेळ पाहिली आणि उशीखाली ठेवली. शेवटपर्यंत ती तिथंच होती.

छत बसलं. ढोलकीसारखं ताणलेलं, पांढरंशुभ्र. कडांना मात्र डोमाजींनी नेहमीपेक्षा चार बोटं जास्त माया सोडून ती आत दुमडली होती, म्हणजे पुढे पुन्हा ताणायला जागा राहावी. मी ते तेव्हा पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. जबलपूरची मंडळी आली, गाडीत बसली, उतरली. छताबद्दल कोणी एक शब्दही बोललं नाही. मी जरा खट्टू होऊन डोमाजींना हे सांगितलं तर ते खूश झाले. "मंग चांगलं झालं. छत दिसलं म्हणजे समजा बिघडलं."

मे महिन्यात छत खाली आलं. त्यांनी सांगितलं होतं तसंच, मागच्या बाजूनं, बाबांच्या डोक्यावर. पण बाबांच्या आधी ते आमच्या मोठ्या साहेबांच्या डोक्याला लागलं. त्यांची जीप बिघडली होती आणि त्यांना स्टेशनवर सोडायला मी माझी गाडी नेली होती. हाताच्या पंजानं छत वर ढकलत साहेब म्हणाले, "हे काय? नवीन दिसतंय की."

"हो साहेब. जानेवारीत केलं."

"कोणी केलं?"

"डोमाजी. कामठी रोडचे."

"म्हणजे आपल्या जीपा करतो तोच? असलं काम करतो हा?"

पुढचा सिग्नल येईपर्यंत मला वेळ होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, तो नाही म्हणत होता, मीच भर थंडीत करायला लावलं. एका वाक्याचं काम होतं. मी गियर बदलला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नोट ठेवायला सांगितली. मी लिहिली. ‘सदर कारागिराच्या कामाचा दर्जा असमाधानकारक असल्याने यापुढे त्यास काम देऊ नये.’ माझ्या हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात. जीपा दुसरीकडे गेल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डोमाजी ऑफिसात आले. माझ्या टेबलापाशी येऊन आधी वर पाहिलं. "पंखा हालून राहिला बाबू, त्याचा हूक पाहून घ्या." मग म्हणाले, "काहून जी, यंदा जीपा नाही आल्या?"

"वरून हुकूम आहे," मी फाईलीत पाहत म्हणालो.

"वरून," ते म्हणाले. मला वाटलं, आता विचारतील, आणि मनात कुठेतरी वाटत होतं की विचारावं. ते म्हणाले, "अन् तुमचं छत? उतरलं असन."

"उतरलं."

"आणा मंग. पाऊस आला नाही अजून, ऊन आहे. अन् डॉक्टरसायबांले संगं आणा. त्यायच्याबिगर नाही लावत."

दुसरा दिवस रविवार होता. मी बाबांना घेऊन गेलो. सरूबाईनं कडुनिंबाखाली खाट टाकली होती. तिनं बाबांना कैरीचं पन्हं दिलं, पेला स्वतः धरून. डोमाजींनी जुन्या कडा सोडवल्या, कमानी काढल्या, एकेक कमान डोळ्यासमोर धरून पाहिली, त्यातली एक टपरीमागे नेऊन काहीतरी ठाकठोक केली. मग सगळं पुन्हा चढवून त्यांनी गाडी काचा बंद करून उन्हात लावली आणि बाबांच्या शेजारी येऊन बसले.

बाबांचं बोलणं तेव्हा घरात फक्त आईला कळायचं. मला निम्मंही नाही. बाबांनी डोमाजींच्या शर्टाकडे पाहून काहीतरी विचारलं. मी "काय बाबा? पाणी?" म्हणालो.

"पाणी नाही जी," डोमाजी म्हणाले, "ते विचारून राहिले का हे चिमटे कायले." आणि त्यांनी एक काढून बाबांच्या सदऱ्याच्या कॉलरला लावला. "असे लावले का माणूस सुकेपर्यंत जागचा हालत नाही."

"तुमी तं सुकले तरी हालत नाही," मशीनवरून सरूबाई म्हणाली. "उठा, गाडी तापली."

दुपारचे दोन वाजले असतील. दाराची मूठ फडकं घेऊन धरावी लागत होती. डोमाजी त्या गाडीत शिरले आणि दार लावून घेतलं, कारण दार उघडं राहिलं तर रेक्झीन गार होतं. काचेतून मला फक्त त्यांचे हात दिसत होते. मधून मागे, मधून पुढे, तळवा सारवल्यासारखा फिरायचा, मग अंगठ्यांनी कड ओढायची, चिमटा लावायचा. ते दर दहा मिनिटांनी बाहेर येत, घागरीतलं पाणी डोक्यावर ओतून घेत आणि परत शिरत. मी सावलीत उभा होतो. ज्या माणसाचं काम असमाधानकारक आहे असं मी लिहिलं होतं, तो माझ्यासाठी त्या भट्टीत घामानं निथळत होता, आणि मी सावलीत उभा होतो.

संध्याकाळी गाडी गार झाल्यावर त्यांनी चिमटे काढले. बाबांना आम्ही दोघांनी आत बसवलं. डोमाजींनी मला काही विचारलं नाही. खिडकीशी वाकून बाबांना विचारलं, "सायेब, लागते का?"

बाबांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी पट्टा सोडला आणि डावा हात हळूहळू वर नेला. छत शोधू लागले. बोटं हवेत फिरत राहिली, टेकायला थोडा वेळ लागला. टेकली तेव्हा बाबा हसले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

बाबा त्यानंतर आणखी तीन वर्षं जगले आणि रोज फुटाळ्याला गेले. आरशात पाहून मला नजर वळवावी लागली नाही.

ते गेले त्याच्या महिन्याभरानं मी डोमाजींकडे गेलो. त्या तीन वर्षांत मी तिथं गेलो नव्हतो. रस्ता बदलून जात होतो. खाटेवर बसलो आणि सगळं सांगितलं. साहेब, सिग्नल, नोट. डोमाजी एका सीटमध्ये काथ्या भरत होते, ते थांबले नाहीत.

"माहीत होतं," ते म्हणाले. "तुमच्या ड्रायव्हरनं तवाच सांगतलं, आठ दिवसांत."

"म्हणजे ऑफिसात आलात तेव्हा माहीत होतं?"

"हाव."

"मग माझं छत का लावलंत?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुमचं कुठं होतं? डॉक्टरसायबांचं होतं ते."

मी रडलो. सरूबाईनं पाणी आणून दिलं. मी माफी मागितली. तिला मागितली, त्यांना मागितली. मला जरा मोकळं झाल्यासारखंही वाटू लागलं होतं, आणि ते डोमाजींना दिसलं असावं. ते म्हणाले, "बाबू, मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं. ज्याले माहीत नाही, त्याले सांगा."

आवाजात राग नव्हता. कड उलटी लागली आहे, सोडवून पुन्हा लावा, असं सांगावं तसं सांगितलं.

मला अकरा दिवस लागले. मोठे साहेब बदलून गेले होते, नवे आले होते. मी पुन्हा नोट लिहिली. त्यात लिहिलं की कारागिराने स्पष्ट नकार दिला असता मी माझ्या खाजगी गाडीचे काम त्याच्याकडून अयोग्य हंगामात करवून घेतले, जीपांचे काम दाखवून भरीस पाडले, आणि ही बाब मागील नोटेत दडवली. नव्या साहेबांनी ती दोनदा वाचली.

"हे आता काढायची काय गरज होती?"

"तेव्हा लिहायचं राहिलं होतं साहेब."

मला लेखी समज मिळाली, आणि माझी बढती मागे पडली. ऑफिसात महिनाभर माझं नाव छतवाले पडलं होतं. त्या जूनमध्ये पहिली जीप मी स्वतः ड्रायव्हरबरोबर घेऊन गेलो. डोमाजींनी जीपला एक फेरी मारली, हूड बोटानं दाबून पाहिला आणि टपरीकडे तोंड करून ओरडले, "जीप आली वं. चहा ठेव." तीन वर्षं दुसऱ्याच्या हातात गेलेल्या त्या हुडाला ते काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढे दहा-बारा वर्षं जीपा त्यांच्याकडे जात राहिल्या. शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांत फूल पडलं. सुईत दोरा सरूबाई ओवून द्यायची आणि ते हातानं चाचपून काम करायचे. वर पाहायची सवय मात्र गेली नाही. दिसत काही नसे, तरी मान मागे जायची.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका एप्रिलमध्ये. अँबॅसेडर विकायचं माझ्या मनात होतं. गिऱ्हाईकाला दाखवण्याआधी छत एकदा पाहून द्या, म्हणून मी गाडी कडुनिंबाखाली नेली. त्यांनी खर्रा थुंकला, चूळ भरली, चाचपडत मागच्या सीटवर आडवे झाले. तळवा पुढून मागे फिरवत नेला.

"धरून आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "तुमी इथं बसले का कधी?"

"कुठे?"

"डॉक्टरसायबांच्या जागी."

मी कधीच बसलो नव्हतो. इतकी वर्षं मी पुढे होतो, स्टिअरिंगवर. ते बाहेर आले आणि दार धरून उभे राहिले. मी आत गेलो, डाव्या कोपऱ्यात सरकलो, ताठ बसलो. बाबांइतका नसलो तरी मीही उंच आहे. डोक्याला काही लागलं नाही. मी हात वर केला. अंदाज केला होता तिथं छत नव्हतं. बोटं आणखी वर गेली आणि मग टेकली. उजव्या बाजूला हात नेला तर तिथं ते खाली होतं, बोटभर. पुन्हा डावीकडे आणला. पुन्हा बोटभर वर. रेक्झीन सपाट, ताठ, एक सुरकुती नाही. पण तेवढ्या एका जागी, एका डोक्यापुरतं, कमान पत्र्याच्या दिशेनं वर उचललेली होती. इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं.

"हे केव्हा केलंत?"

"तवाच. उन्हात लावलं त्या दिवशी." डोमाजींचा चेहरा माझ्याकडे नव्हता. मान मागे टाकून ते कडुनिंबाकडे पाहत होते. कॉलरला चार चिमटे होते.

"डॉक्टरसायेब लय उंच होते जी," ते म्हणाले.

गाडी मी विकली नाही. त्या दिवशी मात्र मी तिथंच, त्या कोपऱ्यात, हात वर करून बराच वेळ बसून राहिलो, आणि डोमाजी दार धरून उभे राहिले, उन्हात.